पुंजयामिकी आणि आमचे दृष्टान्त

अलीकडे निरूपणांत एक नवे वाक्य वारंवार कानी पडू लागले आहे. "पाहणारा आहे म्हणूनच जग आहे, हे आपल्या शास्त्रांनी हजारो वर्षांपूर्वी सांगितले, आणि आता पाश्चात्त्यांच्या क्वांटम शास्त्रानेही ते सिद्ध केले!" वाक्य गोड आहे. मंडप माना डोलावतो, मागे बसलेली कॉलेजातली पोरेही क्षणभर मोबाइल खाली ठेवतात, आणि बोलणाऱ्यास आपण धर्माची मोठी सेवा केली असे वाटते. वाचकहो, आमचा प्रश्न एवढाच आहे की, हे वाक्य खरे आहे काय? आणि खरे नसेल, तर चांगल्या हेतूने बोलले म्हणून ते क्षम्य ठरते काय?

कोणी म्हणेल, "महाराज, तुम्ही पाठशाळेत तर्कसंग्रह आणि लघुकौमुदी घोकलेली माणसे. तुम्हांस या अणूच्या भानगडीत पडण्याचे कारण काय?" कारण हेच, की तर्कसंग्रह घोकणाऱ्यास एक खोड जडते. कोणी 'सिद्ध झाले' म्हटले की 'कोणत्या प्रमाणाने?' असे विचारल्यावाचून त्यास राहवत नाही. आमच्या तालुक्याच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकविणारे एक माळकरी प्राध्यापक आहेत. दोन चातुर्मास, एकादशीच्या दुपारी, त्यांनी आम्हांस हा विषय सांगितला. गणित बाजूस ठेवून, पण प्रयोगांस फाटा न देता. त्यातले जे आमच्या पदरी पडले ते येथे मांडतो.

'क्वांटम' हा लॅटिन शब्द. त्याचा अर्थ 'केवढे' किंवा 'किती'. मराठीत त्यास पुंज म्हणतात आणि या शास्त्रास पुंजयामिकी. शब्द अवजड आहे, पण गोष्ट लोहाराच्या भट्टीतून निघालेली आहे. लोखंड तापविले की आधी लाल होते, मग नारिंगी-पिवळे, मग पांढरे. तापलेल्या वस्तूतून कोणत्या रंगाचा प्रकाश किती बाहेर पडावा याचा हिशेब जुन्या नियमांनी मांडला, तर जांभळ्या टोकाकडे उत्तर अनंत येई. म्हणजे चुलीसमोर बसलेली बाई भस्मसात व्हावयास हवी! तसे तर होत नाही. १४ डिसेंबर १९०० रोजी बर्लिन येथील पदार्थविज्ञान-सभेत माक्स प्लांक या प्राध्यापकाने हा हिशेब जुळवून दाखविला. पण त्यासाठी त्यास एक विचित्र गोष्ट गृहीत धरावी लागली. ऊर्जा तेलाच्या धारेसारखी अखंड दिली-घेतली जात नाही, ती मोजून, नगाने दिली-घेतली जाते. तेल पाव शेर घ्या, अर्धा पाव घ्या, हवे तसे मिळते. टाळांच्या जोड्या मात्र अडीच मिळत नाहीत, दोन घ्या नाहीतर तीन. ऊर्जेचा व्यवहार टाळांच्या जोड्यांसारखा आहे.

हा नग केवढा? प्रकाशाची कंपने जितकी जलद, तितका नग मोठा. आणि दोहोंची सांगड घालणारी एक संख्या आहे, तिला प्लांकचा स्थिरांक म्हणतात. जूल आणि सेकंद या मापांत ती लिहायची तर दशांशचिन्हानंतर ३३ शून्ये काढावी लागतात, मग कोठे ६६२६ हे आकडे येतात. इतकी लहान, म्हणून आपल्या व्यवहारात ती जाणवत नाही. पण जाणवत नाही म्हणजे संबंध नाही असे नव्हे. १८८९ पासून किलोचे मूळ माप म्हणून पॅरिसजवळ प्लॅटिनम-इरिडियमचा एक ठोकळा जपून ठेवलेला होता. २० मे २०१९ पासून तो मान त्या ठोकळ्याकडून गेला, आणि किलोची व्याख्या या स्थिरांकावरून ठरू लागली. म्हणजे वाण्याकडून आपण साबुदाणा आणतो त्या किलोचे मूळ आज या तेहतीस शून्यांत आहे.

पुढे १९०५ साली आइन्स्टाइनने सांगितले की, नुसती देवघेव नगाने होते असे नाही, खुद्द प्रकाशच नगाने येतो. १९१३ साली डेन्मार्कच्या नील्स बोरने हा विचार अणूस लावला. अणूत मध्ये जड गाभा आणि भोवती इलेक्ट्रॉन. जुन्या नियमाने तो इलेक्ट्रॉन प्रकाश फेकीत फेकीत क्षणार्धात गाभ्यात कोसळावयास हवा. तो कोसळत नाही, कारण त्यास ठराविक पायऱ्यांवरच उभे राहण्याची मुभा आहे. पायऱ्याच का? याचे उत्तर १९२४ साली फ्रान्सच्या द ब्रॉग्लीने सुचविले, आणि ते वीणेकऱ्यास लगेच पटेल. दोन्ही टोकांस बांधलेली तार छेडली, तर तिच्यावर अर्धी लहर बसते, किंवा एक, किंवा दीड. सव्वादोन बसत नाहीत. म्हणून तारेतून मूळ सूर आणि त्याचे ठराविक उपस्वरच निघतात. अणूत बांधलेला इलेक्ट्रॉन लहरीसारखा वागत असेल, तर त्याच्याही ठराविक अवस्थाच संभवतात. तंतोतंत गणित १९२५ मध्ये हायझेनबर्गने एका रीतीने आणि १९२६ मध्ये श्रोडिंगरने दुसऱ्या रीतीने मांडले, आणि दोन्ही रीती एकच असल्याचे कळून आले. त्या शोधास शंभर वर्षे होतात म्हणून २०२५ हे साल संयुक्त राष्ट्रांनी पुंजविज्ञानाचे वर्ष म्हणून पाळले. याच काळात, १९२४ साली, ढाक्याच्या विद्यापीठातील सत्येंद्रनाथ बोस यांनी प्रकाशपुंज मोजण्याची नवी रीत आइन्स्टाइनला लिहून पाठविली. त्याने ती स्वतः जर्मन भाषेत उतरवून छापविली, आणि आज विश्वातील कणांच्या एका अख्ख्या कुळास बोसॉन म्हणतात. आपल्या देशाचा अभिमान सांगायचा तर तो येथे, खऱ्या जागी सांगावा.

इलेक्ट्रॉन हा कण की लहर? टॉमसन नावाच्या बापलेकांची हकीकत यावर मोठी मौजेची आहे. बाप जे. जे. टॉमसन याने १८९७ साली इलेक्ट्रॉन हा कण शोधला आणि १९०६ चे नोबेल मिळविले. लेक जी. पी. टॉमसन यास १९३७ चे नोबेल इलेक्ट्रॉन लहरीसारखा वागतो हे दाखविल्याबद्दल वाटून मिळाले. दोघेही खरे!

आता मुख्य प्रयोग. नदीच्या पाण्यात एक भिंत आहे, तिला जवळजवळ दोन खिडक्या आहेत असे समजा. अलीकडे लाटा उठविल्या तर पलीकडे दोन खिडक्यांतून दोन लहरी निघतात. कोठे उंचवट्यावर उंचवटा येऊन पाणी दुप्पट चढते, कोठे उंचवट्यावर खळगा येऊन पाणी निवांत राहते. उलट, खिडक्यांतून ज्वारीचे दाणे फेकले तर पलीकडे दोन ढीग पडतील, पट्टे पडणार नाहीत. इलेक्ट्रॉनांवर हाच प्रयोग केला, आणि तोही एका वेळी एकच इलेक्ट्रॉन सोडून. इटलीत १९७४ साली आणि जपानात १९८९ साली त्याची चित्रे घेतली गेली. प्रत्येक इलेक्ट्रॉन पडद्यावर एका जागी, एका ठिपक्याने उमटतो, अगदी दाण्यासारखा. दहा ठिपके पडले, शंभर पडले, काही अर्थ लागत नाही. हजारो पडले की हळूहळू लाटांचे पट्टे उभे राहतात. सोबतीला दुसरा इलेक्ट्रॉन नव्हता. मग लहर मिसळली कोणाशी? आणि कोणत्या खिडकीतून गेला हे टिपण्याची व्यवस्था केली की पट्टे नाहीसे होतात, दोन ढीग उरतात.

माक्स बोर्नने १९२६ मध्ये याचा अर्थ लावला, की लहर ही द्रव्याची नव्हे, संभवाची आहे. कोठे सापडण्याचा किती संभव, एवढेच शास्त्र सांगते. हा विवक्षित इलेक्ट्रॉन कोठे पडेल हे सांगत नाही. रेडियमचा ढीग घेतला तर सुमारे १६०० वर्षांनी त्यातले निम्मे अणू फुटलेले असतील हे छातीठोक सांगता येते. पण हातात घेतलेला हा एक अणू आज फुटेल की पाच हजार वर्षांनी, हे कोणासच सांगता येत नाही.

येथे आमच्यातील न्यायशास्त्राचा विद्यार्थी जागा झाला. संशयाचे आमचे जुने उदाहरण असे की, संध्याकाळी दूर काही उभे दिसते, ते वाळलेले खोड की माणूस हे कळत नाही. संशय कोठे आहे? पाहणाऱ्याच्या बुद्धीत. खोडाच्या ठिकाणी काही संशय नाही, ते बिचारे खोडच आहे. दोरीवर साप भासला त्याचेही तेच. दिवा आणला म्हणजे जे आधीपासून होते तेच उघड होते. मग इलेक्ट्रॉनाविषयी आपणांस जे निश्चित सांगता येत नाही, ते खोडासारखे की काय? म्हणजे तो कोणत्यातरी एका खिडकीतून जातोच, फक्त आपणांस ठाऊक नसते? की अनिश्चितता त्या वस्तूच्या ठिकाणीच आहे?

वाचकहो, या शास्त्रातला खरा तात्त्विक प्रश्न हा आहे, आणि आमच्या मते 'मन जग निर्माण करते' या टाळीच्या वाक्यापेक्षा तो कितीतरी खोल आहे.

१९२७ साली हायझेनबर्गने दाखविले की, इलेक्ट्रॉनाचे ठिकाण आणि त्याचा संवेग, म्हणजे वस्तुमानासह वेग, ही दोन्ही एकाच वेळी हवी तितकी नेमकी नसतात. कित्येकांचा समज असा की, मोजताना धक्का लागतो म्हणून असे होते. तेवढेच असते तर ते खोडाचेच उदाहरण झाले असते. खरी गोष्ट टाळकऱ्यास सांगतो. हातांची एक टाळी वाजवा. ती कोणत्या क्षणी वाजली हे नेमके सांगता येते. पण तिचा सूर कोणता हे विचारले तर? आता वीणा लांबवर छेडीत राहा. सूर नेमका कळतो, पण तो 'कोणत्या क्षणी' वाजला या प्रश्नास अर्थ राहत नाही. आपले कान मंद म्हणून असे नव्हे. लहरीचा स्वभावच तसा. इलेक्ट्रॉनास लहरीचा स्वभाव आहे, म्हणून त्यासही हा नियम लागतो.

आइन्स्टाइनला हे पटले नाही. १९३५ साली दोन सहकाऱ्यांसह त्याने लेख लिहून सांगितले की, तुमचे शास्त्र खोटे नाही, पण अपुरे आहे. दोरी आहे, तुमचा दिवा मंद आहे. बोरने त्यास उत्तर दिले. हा वाद केवळ वादच राहिला असता, पण १९६४ साली आयर्लंडच्या जॉन बेलने तो मोजून पाहण्याची युक्ती काढली. ती युक्ती आम्ही दोन भावांच्या रूपाने सांगतो, जरा धीराने वाचावी.

समजा, जुळ्या भावांच्या अनेक जोड्या आहेत. प्रत्येक जोडीतला एक पैठणास बसवायचा, दुसरा आळंदीस. ठरलेल्या तीन प्रश्नांपैकी एक पैठणच्यास विचारायचा आणि एक आळंदीच्यास. कोणता, ते दोन्हीकडचे लोक ऐन वेळी चिठ्ठी काढून ठरविणार. उत्तर फक्त 'होय' किंवा 'नाही'. एकाचा निरोप दुसऱ्यास पोहोचण्याइतकाही वेळ द्यायचा नाही. हजारो जोड्यांच्या नोंदी झाल्यावर दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या, तर दिसले की, जेव्हा दोघांस एकच प्रश्न पडला तेव्हा दोघांचे उत्तर न चुकता एकच आले. सरळ अनुमान काय? घरून निघतानाच भावांनी तिन्ही उत्तरे ठरवून आणली असली पाहिजेत. आइन्स्टाइनचे म्हणणे हेच.

आता बेलचा हिशेब. प्रश्न तीन, उत्तरे दोनच प्रकारची. तेव्हा ठरवून आणलेल्या तीन उत्तरांपैकी निदान दोन सारखी असणारच. वेगवेगळे प्रश्न पडण्याच्या जोड्याही तीन आहेत: पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, पहिला-तिसरा. त्यांतील एका जोडीत तरी उत्तर जुळलेच पाहिजे. म्हणून वेगळे प्रश्न पडतील तेव्हा निदान तिनांत एकदा, शेकडा ३३ वेळा तरी, दोघांचे जुळावे. भावांनी काहीही संगनमत केले तरी यापेक्षा कमी जुळणी होऊ शकत नाही. आणि पुंजयामिकीचे गणित काय म्हणते? प्रकाशकणांच्या जोडीस असे तीन प्रश्न विचारले, म्हणजे विशिष्ट काच साठ-साठ अंशांनी फिरवून तीन रीतींनी पाहिले, तर जुळणी चारांत एकदाच, शेकडा २५. तेहतीस की पंचवीस, एवढाच निवाडा!

या घाटाची कसोटी १९७२ साली अमेरिकेत क्लाउझर आणि फ्रीडमन यांनी घेतली, १९८२ साली फ्रान्समध्ये आस्पे याने अधिक कसून घेतली, आणि २०१५ साली हॉलंडमधील डेल्फ्ट येथे १.३ किलोमीटर अंतरावर दोन ठिकाणे ठेवून, शंकेच्या मोठ्या पळवाटा बुजवून घेतली गेली. दर वेळी कौल पुंजयामिकीच्या बाजूस पडला. आस्पे, क्लाउझर आणि व्हिएन्नाचा त्साइलिंगर या तिघांस २०२२ चे नोबेल मिळाले ते याबद्दल.

मग सिद्ध काय झाले? नीट पाहावे. 'उत्तरे आधीपासून ठरलेली आहेत, आणि येथल्या गोष्टीचा तेथल्यावर तत्काळ परिणाम होत नाही,' ही दोन विधाने एकत्र टिकत नाहीत. यांतले कोणते सोडायचे यावर विद्वानांत आजही एकमत नाही. काही म्हणतात, ठरलेपणच नव्हते. काही म्हणतात, ठरलेपण आहे, पण दूरच्या वस्तू आतून बांधलेल्या आहेत. तिसरे म्हणतात, दोन्ही उत्तरे घडतात आणि जग फाटते. आमचा कल पहिल्या पक्षाकडे आहे, पण तो कलच होय, निर्णय नव्हे. एवढे मात्र सर्वांस मान्य, की या बांधलेपणातून पैठणचा निरोप आळंदीस पाठविता येत नाही. कारण एकेका भावाची वही वेगळी पाहिली तर तीत 'होय-नाही'चा निव्वळ गोंधळ दिसतो. तेव्हा दूरसंवेदनाची आणि संकल्पाने रोग बरे करण्याची जी दुकाने या नावावर चालतात, त्यांस येथे कवडीचा आधार नाही.

आता आमच्या मूळ वाक्याकडे येऊ. 'पाहणारा.' इंग्रजी पुस्तकांत जो शब्द आहे त्याचा अर्थ निरीक्षक असा होतो, आणि आमच्या लोकांनी त्याचे भाषांतर 'साक्षी' असे केले. येथेच घात झाला. वेदान्तातला साक्षी म्हणजे चैतन्य. प्रयोगशाळेतला निरीक्षक म्हणजे काय? काचेचा पडदा, तार, हवेतला एखादा भटका रेणू, खोलीतली ऊब. ज्याच्या ठिकाणी इलेक्ट्रॉनाच्या वाटेची नोंद उमटते ते काहीही. २००४ साली व्हिएन्नात एक फार बोलका प्रयोग झाला. कोळशाच्या सत्तर अणूंचे गोलसर रेणू घेतले. असे भरघोस रेणूही लहरीसारखे पट्टे उमटवितात. मग ते रेणू तापवीत नेले. तापलेला रेणू लोहाराच्या लोखंडासारखा स्वतःच प्रकाश सोडू लागतो, आणि त्या प्रकाशाबरोबर आपली वाट कोणती ही बातमी बाहेर जाते. जसजसे तापविले तसतसे पट्टे पुसट होत गेले. तो प्रकाश कोणी पाहिला नाही, कोणी टिपला नाही. बातमी बाहेर पडली एवढेच पुरले. पाहणारे मन तेथे नव्हतेच!

पूर्वपक्ष असा येईल की, मोठमोठ्या शास्त्रज्ञांनीही मनाचे नाव घेतले आहे. घेतले आहे. युजीन विग्नर या नोबेल मिळालेल्या शास्त्रज्ञाने १९६१ साली तसे लिहिले. पण पुढे तो विचार त्यानेच सोडला. आणि श्रोडिंगर? त्याने उपनिषदांचा विचार आदराने वाचला होता. १९४४ साली जीवनाविषयी लिहिलेल्या छोट्या ग्रंथाच्या शेवटी तो एकात्मतेच्या विचाराचा मुद्दाम उल्लेख करतो. ही गोष्ट सांगावी, आनंदाने सांगावी. पण त्याचे १९२६ चे समीकरण टिकले ते हायड्रोजनच्या अणूतील प्रकाशाचे आकडे त्यातून बरोबर निघाले म्हणून. तो माणूस उपनिषदे वाचत नसता तरी ते आकडे तेच आले असते, आणि आकडे चुकले असते तर उपनिषदांनी ते समीकरण वाचविले नसते.

तीच गोष्ट कणादमुनींच्या परमाणूची. उन्हाच्या तिरिपेत दिसणाऱ्या रजःकणापासून निघून, 'हा दिसतो म्हणजे यास अवयव असलेच पाहिजेत' अशा अनुमानाने परमाणूपर्यंत पोहोचण्याची रीत तर्कसंग्रहाच्या दीपिकेत आहे. तर्काचे ते मोठे सुंदर काम आहे. परंतु तो परमाणू नित्य आणि निरवयव. आजचा अणू फुटतो, त्याचे अवयव मोजता येतात. नाव सारखे म्हणून वस्तू सारखी होत नाही. काही पुस्तकांत तर इलेक्ट्रॉनाच्या दोन अवस्था एकत्र असण्यास 'अध्यारोपण' म्हणतात. वेदान्तातला अध्यारोप म्हणजे जे नाही ते लादणे, आणि येथले अध्यारोपण म्हणजे दोन्ही खरोखर संभवणे. या शब्दावर श्लेष करून अर्ध्या तासाचे निरूपण करणारे महाभाग आम्हांस ठाऊक आहेत. श्लेष करमणुकीस ठीक. पण प्रमाण नव्हे.

"अहो, एवढी चिकित्सा कशाला? लोकांची श्रद्धा वाढते ना?" असे एक वयोवृद्ध स्नेही आम्हांस म्हणाले. त्यांस आम्ही जे सांगितले ते येथे लिहितो. काही वर्षांपूर्वी वारीच्या वाटेवर, मुक्कामापाशी, एक दुकान लागले होते. फळीवर एक यंत्र, त्यास एक धातूची दांडी. दांडी मुठीत धरायची, मिनिटभराने काळीज, मूत्रपिंड, साखर, हाडे, सगळ्यांचा छापील अहवाल बाहेर. पाटीवर मोठ्या अक्षरांत 'क्वांटम तपासणी'. हातातल्या दांडीने फार तर कातडीची विद्युत्‌वाहकता मोजली जाईल. मूत्रपिंडाची खबर तीतून येत नाही, आणि पुंजयामिकीचा तर त्याच्याशी काडीमात्र संबंध नाही. आमच्या दिंडीतले एक म्हातारे शेतकरी, मधुमेहाचे जुने रोगी, त्या दांडीस हात लावून आले. अहवालात सगळे उत्तम. त्यांनी गोळ्या सोडल्या. टाचेस चालून चालून जखम झाली होती, ती चिघळली, आणि परतल्यावर पायाची दोन बोटे काढावी लागली. आम्ही भेटावयास गेलो तेव्हा बिचारे म्हणाले, "माउली, आदल्या दिवशीच्या कीर्तनात महाराज बोलले होते ना, क्वांटम म्हणजे आपल्या ऋषींचीच विद्या. मग मला वाटलं, हे खरंच असणार."

दुकानदाराने त्यांस फसविले हे खरे. पण त्या पाटीवरच्या शब्दास जो विश्वास चिकटला होता, तो दुकानदाराने कमावलेला नव्हता. तो वीणेपुढे उभ्या राहणाऱ्याच्या वाणीतून आला होता. आमच्या शब्दावर म्हातारा माणूस गोळ्या सोडतो! स्नेही गप्प बसले. पुढे म्हणाले, "पण बोलणाऱ्याच्या मनात कपट नव्हते." नव्हतेच. आम्ही कपटाविषयी बोलत नाही. न मोजता दिलेल्या मापाविषयी बोलत आहोत. वाण्याने शेराचे माप न तपासता पावशेर कमी दिले, तर त्याच्या मनात कपट नव्हते म्हणून गिऱ्हाइकाची तूट भरून येत नाही.

आणखी एक शंका तरुण मंडळी विचारतात. मुळाशीच अनिश्चितता असेल तर कर्म आणि फळ हा नियम कसा राहिला? अणू कारणावाचून फुटतो, मग माझ्या हातून चूक झाली तर दोष माझा कसा? येथे घाई करू नये. पहिली गोष्ट, अणूचा संभव वाटेल तसा नाही. शेकड्याच्या हिशेबात तो पक्का आहे, म्हणून तर पूल उभे राहतात आणि मोबाइल चालतो. दुसरी गोष्ट महत्त्वाची. माझा हात साखळीने ओढला गेला तर ते कृत्य माझे नव्हे, हे खरे. पण फाशांच्या दानावर माझा हात हलत असेल तर ते तरी माझे कसे? अनिश्चिततेने स्वातंत्र्य मिळत नाही आणि जबाबदारीही जात नाही. विचार करून, बरे-वाईट तोलून मी केले की नाही, हा प्रश्न जेथल्या तेथेच राहतो, आणि त्याचे उत्तर इलेक्ट्रॉनास विचारून मिळणारे नाही. जुन्या शास्त्रज्ञांचे जग घड्याळासारखे ठरलेले होते, तेव्हाही लोक म्हणत होते की, सर्व ठरलेलेच आहे, मग दोष माझा कसा. निमित्त बदलते, पळवाट तीच!

मग या शास्त्राचे नावच कीर्तनात घेऊ नये काय? असे आमचे म्हणणे मुळीच नाही. इतके विलक्षण जग समोर असताना त्याविषयी मौन धरणे हा करंटेपणा होईल. सूर्य तळपतो तो कसा, हेच पाहा ना. त्याच्या पोटातील हायड्रोजनचे गाभे एकमेकांस दूर लोटतात, आणि तेथली प्रचंड उष्णताही त्यांस ती भिंत ओलांडावयास पुरत नाही. तरी लहरीचा स्वभाव असल्यामुळे एखादा गाभा क्वचित भिंतीच्या पलीकडे सापडतो, आणि त्या क्वचितपणावर आपले ऊन, आपले पीक, आपला दिवस चालतो. हे ऐकून कोणाचे मन नम्र होणार नाही? दृष्टान्त म्हणून हे खुशाल सांगावे. दृष्टान्त विषय समजण्यास मदत करतो. तो साध्य सिद्ध करीत नाही. घटाचा दृष्टान्त देणाऱ्याने कुंभाराची साक्ष काढली असे कोणी समजत नाही. पण 'विज्ञानाने सिद्ध केले' म्हटले की आपण साक्षीदार उभा केला. आणि साक्षीदार उभा केला की तो काय बोलला ते जसेच्या तसे सांगण्याचे बंधन येते. शिवाय उद्या प्रयोगाने काही वेगळे दाखविले तर? ज्या सिद्धान्तास आपण या टेकूवर बसविले, तो टेकूबरोबर खाली येईल. ज्या सिद्धान्तास टेकू नको होता त्यास टेकू देण्याचा हा उपद्‌व्याप कोणी सांगितला आहे?

गेल्या महिन्यात एका तरुण कीर्तनकाराचे पत्र आले. लिहितात, "महाराज, मला कार्तिकीस सेवा आहे, हा विषय घेऊ का?" त्यांस आम्ही असे कळविले आहे: वीणेच्या तारेचा आणि टाळीचा दृष्टान्त अवश्य घ्या, मंडपात वाजवूनच दाखवा. सूर्याचे सांगा. बोसांचे सांगा, साल चुकवू नका. दोन भावांची गोष्ट सांगायची असेल तर तेहतीस आणि पंचवीस हे आकडे कसे येतात ते आधी कागदावर स्वतः मांडून पाहा. ते मांडता आले नाहीत तर ती गोष्ट यंदा घेऊ नका, पुढल्या वर्षी घ्या. 'साक्षी' हा शब्द इलेक्ट्रॉनाच्या प्रकरणात वापरू नका, 'नोंद' म्हणा. आणि मंडपाबाहेर दांडीचे यंत्र दिसले तर अभंगास सुरुवात करण्याआधी श्रोत्यांस त्याविषयी दोन शब्द बोला.